दगडफुलांची भिंत

ती भिंतीला डोळा लावून उभी होती, आणि भिंत वाजली.

दोन हलक्या टकटकी, मग जरा थांबून एक जड. तिने डोळ्यापुढचे भिंग खाली घेतले. आळीत कोणी नव्हते. हिवाळ्यातली कोरडी सकाळ होती. तळ्यावर थोडे धुके अजून रेंगाळत होते, आणि इकडे ही जुनी दगडी भिंत राखाडी, पिवळसर, मध्येच नारिंगी अशा ठिपक्यांनी भरून गेलेली दिसत होती. लोक त्या ठिपक्यांना डाग म्हणतात. तिने त्यांच्यासाठी आपल्या उमेदीची वर्षे वेचली होती.

पुन्हा तीच टकटक. दोन हलक्या, एक जड.

काय वाटले कोण जाणे... स्वभावाने ती अबोल, अनोळखी माणसाला रस्तासुद्धा न विचारणारी. पण तिने भिंगाची पितळी मूठ उलटी धरली आणि भिंतीवर तशीच वाजवली. मग दार करकरले, पावले घराला वळसा घालून आली, आणि किंचित पोक काढून चालणारा एक उंच तरुण कोपऱ्यावर येऊन थबकला. त्याच्या बाहीला चुन्याची पूड लागली होती, आणि उभ्या जन्मात प्रथमच एखाद्या भिंतीने ओ दिल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

“तुम्ही वाजवलीत?” त्याने विचारले.

“आधी तुम्ही वाजवलीत.”

“मी तिला विचारत होतो, पोकळ आहेस का म्हणून.”

“मग माझं उत्तर चुकलं असेल,” ती म्हणाली. “मला वाटलं, कोणी आहे का, असं विचारताय.”

त्याने या बोलण्याचा गंभीरपणे विचार केला आणि मग तो हसला. त्याचे हसू उशिरा येई. पण एकदा आले की चेहऱ्यावर मुक्कामाला राही.

बोलण्यातून उलगडा झाला तो असा की, दोघेही तळ्यामागच्या या घरातली एकच खोली पाहायला आले होते. तो घराच्या आतून सुरुवात करीत होता, ती बाहेरून. तो विद्यापीठात स्थापत्य शिकवीत असे आणि विद्यार्थ्यांनी त्याचे नाव टकटकसर ठेवले होते. कारण वर्गात शिरल्यावरही त्याचा हात आधी भिंतीकडे जाई. ती वनस्पतिशास्त्राची नवी अध्यापिका. सत्र सुरू होईपर्यंत तिला अतिथिगृहात राहण्याची मुभा होती. पुढची सोय स्वतः पाहायची होती.

अतिथिगृहाच्या खिडकीतून विद्यापीठाभोवतीच्या वस्त्या दिसत. सायंकाळी तिथे दिवे लागू लागले की तिला वाटे, इतक्या खिडक्यांमधली एक आपली असायला काय हरकत आहे? तिचे लहानपण दादाच्या घरी गेले. तिथे तिला कोणी परके मानले नाही. परंतु तिची गादी बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात असे, आणि पाहुणे आले की ती गुंडाळून ठेवली जाई. पुढे वसतिगृहे झाली. आजवर कोणत्याच भिंतीत तिने खिळा ठोकला नव्हता. वहिनीचा आग्रह होता की तिने आताही वसतिगृहातच जागा घ्यावी. “भाड्याच्या खोलीत एकटी काय करणार आहेस?” वहिनी फोनवर म्हणाली होती, “भिंतींशी बोलत बसशील.” वहिनीचे बोलणे फणसासारखे, काटे बाहेर आणि गोडवा आत. तरी ते शब्द बोचले. कारण तीच भीती तिच्या मनात आधीपासून घर करून होती. भिंती मिळतील, पण त्यांच्या पलीकडे कोणी असेल का?

“हे शेवाळ का?” टकटकसरांनी भिंतीकडे बोट दाखवून विचारले.

“नाही, दगडफूल.”

“म्हणजे मसाल्याच्या डब्यातलं?”

“त्याच गोतातलं.” तिने झोळीतून पाण्याची बाटली काढली आणि छातीच्या उंचीवरच्या एका ठिपक्यावर ओंजळभर पाणी शिंपडले. “आता बघा.”

क्षणभर काहीच घडले नाही. मग त्या वाळलेल्या राखेसारख्या थरातून हळूहळू पोपटी रंग उमलत आला, जणू कोणी आतून पडदा सारीत होते. तो नकळत एक पाऊल पुढे आला. दोघांची डोकी त्या तळहाताएवढ्या हिरवळीवर झुकली, आणि तिला त्याच्या बाहीवरच्या चुन्याचा वास आला.

“मी समजलो, मेलेलं आहे.”

“नाही. वाट पाहत होतं.” आणि मग, आपण फार बोललो असे वाटून, तिने घाईघाईने शास्त्राचा आधार घेतला. “यात दोन जीव असतात. एक आसरा देतो, दुसरा अन्न करतो. एकट्या जिवाला या दगडावर एक ऋतूसुद्धा काढता येणार नाही.”

“यातला घरमालक कोण आणि भाडेकरू कोण?”

“त्यावरच तर अजून वाद चालू आहे.”

इतक्यात घरमालक आजोबा हातात झाडे छाटायची कात्री घेऊन आले. दोन माणसे आपल्या मळक्या भिंतीकडे देवदर्शनाला आल्यासारखी पाहत आहेत, हे बघून ते ओशाळले आणि म्हणाले की भिंत लवकरच घासून रंगवून घेणार आहेत. ही भिंत भरायला माणसाचे एक आयुष्य लागले असेल, असे तिने अगदी विनवून सांगितले. आजोबा भले गृहस्थ होते, पण व्यवहार चोख.

“तुम्ही राहणार असाल तर हात लावत नाही, बाई. पण दुसरा कोणी आला तर त्याला स्वच्छ भिंतच लागणार. खरं की नाही?”

टकटकसरांनी तेवढ्यात आपला निर्णय सांगून टाकला. ही खोली त्याला चालण्यासारखी नव्हती. बाहेर दगड, आत वीट, आणि दोहोंच्या मध्ये भरण नाही. त्यात वर झरोका, म्हणजे आतला माणूस शिंकला तर आळीत ऐकू जाईल. “तुम्हाला चालेल,” तो तिला म्हणाला, “तुम्ही बाहेरच राहाल असं दिसतंय.”

तिने आजोबांकडून विचार करायला थोडे दिवस मागून घेतले. खरे पाहता विचार करण्यासारखे काही उरले नव्हते. परंतु आळीच्या तोंडाशी टकटकसर थांबला होता, आणि दुसऱ्या दिवशी आणखी कुठे खोल्या पाहणार आहात, असे त्याने बुटांकडे पाहत विचारले. तेव्हा आपले शोधणे अजून संपलेले नाही, असे तिने ठरवून टाकले.

पुढचे काही दिवस त्यांनी विद्यापीठाला जणू प्रदक्षिणाच घातली. पूर्वेच्या अंगाला विद्यार्थ्यांची वस्ती होती. तिथे प्रत्येक जिन्यावर सायकली टांगलेल्या, प्रत्येक गच्चीत कोणीतरी मोठ्याने पाठांतर करीत असलेले, आणि भिंती इतक्या पातळ की त्याने एक वाजवली तर पलीकडून कोणी ‘दार उघडंच आहे’ असे ओरडले. उत्तरेला नव्या इमारती होत्या, काचेच्या आणि गुळगुळीत. तिथे त्याला वाजवायला काही मिळाले नाही आणि तिला पाहायलाही काही मिळाले नाही. निवृत्त प्राध्यापकांच्या गल्लीत सारे शांत होते. पण तिथल्या घरमालकाने भाडेकरूने कसे खोकावे इथपर्यंतचे नियम सांगितले. त्या गल्लीतून बाहेर पडताना दोघेही एकदमच खोकले, आणि मग कितीतरी वेळ हसू आवरेना.

वस्ती पारखण्याची दोघांची रीत वेगळी. ती म्हणे, जिथे दगडफूल जगते तिथली हवा निर्मळ असते, आणि तिथल्या माणसांना सतत काही खरवडून काढायची घाई नसते. तो म्हणे, हवा येते-जाते. रात्रभर आपल्या उशापाशी उभी राहते ती भिंत. एकदा उद्यानाच्या कठड्यावर चहा घेत असताना त्याने त्यामागचे कारण सांगितले. तो लहान असताना त्यांच्या घराची एक भिंत पहाटे बसली. कोणालाही इजा झाली नाही. आई त्याच दिवशी त्या ढिगाऱ्यातून भांडी शोधून हसली देखील. पण तेव्हापासून भरीव भिंतीचा नाद ऐकल्याखेरीज त्याला झोप लागत नसे. हे सांगताना तो चहाच्या पेल्यावर बोटाने वाजवीत होता. तिने आपला पेला त्याच्या पेल्याजवळ सरकवून ठेवला.

एका घरी मजला दाखवणाऱ्या बाईंनी दोघांकडे आलटून पालटून पाहिले आणि विचारले, “दोघांना एकच खोली पुरेल ना?”

ती भिंग पुसू लागली. तो वळला आणि नुकतीच वाजवून झालेली भिंत पुन्हा एकदा वाजवू लागला.

शेवटी ते दक्षिणेला, बसगाड्यांच्या आगारामागच्या वस्तीत आले. तिथे शिलाईकाम करणाऱ्या एका मावशींच्या घरात वर एक आणि खाली एक अशा दोन खोल्या रिकाम्या होत्या. खालच्या खोलीत त्याने भिंतीवर बोटांची पेरे टेकवली, वाजवली, आणि डोळे मिटून घेतले. सुरात लागलेला तंबोरा ऐकावा तसा तो ऐकत राहिला. “भरीव,” तो हळूच म्हणाला. “पायापासून माथ्यापर्यंत भरीव. अशी भिंत मी फार दिवसांत ऐकली नाही.” तिने खिडकीतून बाहेर पाहिले. सगळ्या दगडांवर काजळीचा हात फिरला होता, आणि त्यांवर दगडफुलाचा एक ठिपकासुद्धा नव्हता. तिने खिडकी हलकेच लोटून घेतली. त्याच्या मिटल्या डोळ्यांची तंद्री तिला मोडायची नव्हती.

परतीच्या वाटेवर तिने विचारले, “मग? तुम्ही इथेच राहाल?”

“इथेच राहावंसं वाटतंय. आणि तुम्ही तळ्यामागे?”

“हो... तळ्यामागे.”

दोघे काही पावले पुढे गेले.

“मधे विद्यापीठ येतं,” तो म्हणाला.

“हो. मधे विद्यापीठ येतं.”

याहून अधिक बोलायला दोघांनाही शब्द होते, पण ते उच्चारण्याची सवय नव्हती. एकाकीपणात वाढलेली माणसे मनातले बोलणे मनातच इतक्या वेळा घोळवतात की ते बोलून झाले असे त्यांना वाटू लागते. दुसऱ्या दिवशी टकटकसर एका जुन्या पुलाच्या पाहणीसाठी परगावी निघून गेला. जाताना, ठरले की कळवा, असे तो म्हणाला, आणि तुम्हीही कळवा, असे ती म्हणाली.

त्याच सायंकाळी ती आजोबांकडे गेली आणि तळ्यामागची खोली नको म्हणून सांगून आली. निघताना तिने भिंतीकडे पाहिले नाही. पाहिले असते तर पाय निघाला नसता. मग ती थेट आगारामागे गेली आणि मावशींकडची वरची खोली घेऊन टाकली. खालची तिने मुद्दाम सोडली. तो परत येईल, आपली भरीव भिंत मागायला येईल, आणि जिन्यावर आपण त्याला दिसू, एवढेच चित्र तिने मनाशी रंगवले होते. त्यात आपण काय बोलायचे, हे मात्र तिला ठरवता आले नव्हते.

आठवडा उलटला. मग एके दिवशी मावशींनी शिवण करता करता सहज सांगितले, “अगं, तो तुझ्याबरोबरचा टकटकवाला... त्याचा फोन आला होता. खालची खोली नको म्हणाला.”

“आणखी काही? मी वर राहते, हे सांगितलंत का त्यांना?”

“कशी सांगणार? तोंडात टाचण्या होत्या. मी हूं म्हटलं, त्याने ठेवला.”

ती वर आली आणि खाटेच्या काठावर बसून राहिली. ज्या भिंतीपायी तो डोळे मिटून हरखला होता, तीही त्याने सोडली. म्हणजे या बाजूला फिरकायची त्याची इच्छाच नसावी. तिने त्याचा क्रमांक काढला, संदेश लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. काय लिहायचे? मी इथे राहते, असे लिहिले की का राहते, हेही त्यातच आले. आपला पत्ता सांगणे म्हणजे सारेच सांगणे होते.

सत्र सुरू झाल्यावर ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर त्यांची एकदा गाठ पडली. त्याचे डोळे जागरणाने ओढलेले होते. तिला आगाराच्या धुराने खोकला जडला होता. खोली मिळाली का, असे दोघांनीही विचारले, आणि मिळाली, असे दोघांनीही सांगितले. चांगली आहे ना? आहे. तुमची? तीही आहे. ‘कुठे’ हा शब्द दोघांच्याही ओठांपर्यंत आला आणि तसाच परत गेला. तेवढ्यात घंटा झाली. तो दोन पायऱ्या उतरून थांबला, मागे वळला, “खोकल्याला औषध घ्या,” एवढेच म्हणाला आणि गेला.

मग दिवस सुरू झाले ते एकटेपणाचे. पहाटे पहिली गाडी आगारातून निघे, तेव्हा टेबलावरच्या भांड्यावरचे झाकण किणकिणे. तोच तिचा गजर. सायंकाळी खिडकी लावून घ्यावी लागे, नाहीतर वह्यांवर काजळी बसे. अतिथिगृहाच्या खिडकीतून जिची अभिलाषा धरली होती ती उजळलेली खिडकी आता तिची होती. पण खिडकी बाहेरून उजळलेली दिसते, आतून तिच्यात अंधारच दिसतो, हे तिला आता कळले. तिने भिंतीत एक खिळा ठोकला. भिंत इतकी भरीव की खिळा वाकला. तो वाकडा खिळा तिने तसाच राहू दिला आणि त्यावर काहीच टांगले नाही.

कधी कधी, आपण काय करतो आहोत हे कळण्याआधीच, तिची बोटे उशाशेजारच्या भिंतीवर वाजत. दोन हलक्या, एक जड. भिंत दाट, गंभीर नाद देई आणि गप्प होई. खालच्या खोलीत मावशींनी कापडाचे गठ्ठे रचून ठेवले होते. गठ्ठे काय उत्तर देणार? एका रविवारी वहिनीने फोनवर चेष्टेने विचारले की भिंतींशी बोलणे सुरू झाले की नाही. तिने हसून नाही म्हटले, आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ ती हातातल्या फोनकडे पाहत बसली.

मावशींच्या नजरेतून काही सुटत नसे. एका सुटीच्या सकाळी खोकून खोकून बेजार झालेल्या तिला त्यांनी गरम पाणी दिले आणि समोर बसवून घेतले.

“खरं सांग पोरी, कुणासाठी राहिलीस इथे?”

“भिंत चांगली आहे, मावशी.”

“भिंत!” मावशींनी दोरा दाताने तोडला. “भिंतीशी संसार होत नसतो. जा, जरा मोकळ्या हवेत फिरून ये. आणि येताना तोंड जरा बरं करून ये.”

ती निघाली. विद्यापीठाचे आवार सुटीमुळे ओस पडले होते. पायांना तिने वाट सांगितली नव्हती; तरी ते तळ्याच्या दिशेने चालले, आणि तिने त्यांना अडवले नाही. भिंत एव्हाना रंगवून झाली असेल, हे ती धरूनच चालली होती. फिका निळा रंग असेल, किंवा पिवळा. आपण लांबून पाहू, एकदा नीट वाईट वाटून घेऊ, आणि परत येऊ. काही गोष्टी संपल्याचे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज मनाला पटत नाही.

आळीचे वळण आले. ऊन आळीत उतरले होते.

भिंत जशीच्या तशी होती.

राखाडी, पिवळसर, मध्येच नारिंगी. एका ठिपक्यालाही कोणी हात लावला नव्हता. ती धावतच जवळ गेली, आणि मग थांबली. हवा कोरडी होती. पाऊस होऊन महिने लोटले होते, दवाचाही मागमूस नव्हता. सारी भिंत वाळून राखेच्या रंगाची झाली होती. पण छातीच्या उंचीवर, तिने त्या दिवशी पाणी शिंपडले होते नेमके तिथेच, तळहाताएवढा एक तुकडा पोपटी हिरवा होता. त्याच्या खालच्या कडेवर पाण्याचा एक थेंब लोंबत होता. तिच्या देखत तो ओघळला.

तिने तिथे बोट टेकवले. ओले होते, गार होते. नुकतेच कोणीतरी...

तिने झोळीतून भिंग काढले, मूठ उलटी धरली, आणि भिंत वाजवली. दोन हलक्या, मग जरा थांबून एक जड.

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. पेला असावा. मग अगदी जवळून, दगडाच्या पलीकडून, सावकाश उत्तर आले. दोन हलक्या. एक जड.

तिला बोलायचे पुष्कळ होते, बाहेर पडले ते भलतेच.

“रोज पाणी घालता का?”

पोकळ भिंतीतून आणि वरच्या झरोक्यातून त्याचा आवाज खाली उतरला. “रोज सकाळी.”

“रोज नसतं घालायचं. मधे वाळूही द्यावं लागतं. अति लाडानं मरतात ती.”

“मला कोण सांगणार होतं?” तो म्हणाला. “सांगणारीनं खोली सोडली.”

तिने कपाळ दगडाला टेकवले. “झोप लागते इथे?”

“नाही.”

“मग राहिलात कशाला?”

“पुलाच्या कामावरून आलो तो आधी आजोबांकडेच आलो. पुढच्या अंगाला एखादी जागा द्या, म्हणून विचारायला. मागे तुम्ही असाल असं वाटलं होतं. तर ते म्हणाले, बाई नको म्हणाल्या, उद्या रंगारी येतोय.” तो थांबला. “म्हटलं, रंगाऱ्याला येऊ नको म्हणा, मी राहतो. तुम्हाला मी नको असेन, पण भिंत... ती बघायला कधीतरी याल, असं वाटलं.”

झाडावरून एक पान सुटले आणि फिरत फिरत तिच्या पायाशी आले. किती दिवस तो या भिंतीच्या आत डोळे उघडे ठेवून पडला असेल, आणि तितकेच दिवस ती दुसऱ्या टोकाला निरुत्तर भिंत वाजवीत बसली होती!

“आणि तुम्ही?” झरोक्यातून अगदी हलका प्रश्न आला. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर राहून गेलेला तोच शब्द अखेर उच्चारला गेला. “तुम्ही कुठे राहता?”

“आगारामागे. मावशींकडे, वरच्या खोलीत.” तिने श्वास घेतला. “खालची... सोडून ठेवली होती.”

आत पडलेला पेला उचलून ठेवल्याचा आवाज आला.

“तिथे तर दगडफूल नाही,” तो म्हणाला.

“नाही.”

“धूर आहे.”

“आहे.”

“मग?”

“भिंत चांगली आहे,” ती म्हणाली. मावशींना दिले होते तेच उत्तर.

आत पावले हलली आणि पुन्हा थांबली. तो आता भिंतीच्या आणखी जवळ आला असावा, कारण आवाज न चढवताही शब्द स्पष्ट येत होते. “एका बाईंनी आपल्याला विचारलं होतं, दोघांना एकच खोली पुरेल का म्हणून. मी तेव्हा भिंत वाजवत राहिलो.”

“दुसऱ्यांदा. आधी वाजवून झाली होती.”

“तुमच्या लक्षात आहे?”

“उत्तर अजून दिलेलं नाही, हेही लक्षात आहे.”

“पुरेल,” तो म्हणाला. “भरीव भिंतीची हवी, आणि बाहेरून दगडफूल असलेली. अशी वस्ती मिळेपर्यंत पुन्हा हिंडावं लागेल.”

“हिंडू.”

आतले दार करकरले. पावले घराला वळसा घालू लागली, पहिल्या दिवसासारखीच. तिने डोळे पुसले. पाण्याची बाटली काढावी असे हाताला वाटले, पण तिने ती झोळीतच राहू दिली. त्या हिरव्या तुकड्याला आज वाळू द्यायचे होते. कोपऱ्याच्या अलीकडे येऊन पावले थांबली. तोही तिच्यासारखाच. शेवटच्या पावलाशी नेहमी अडणारा.

तिने भिंगाची मूठ पुन्हा भिंतीला टेकवली आणि वाजवली. दोन हलक्या, एक जड. आजवर ही टकटक त्याने भिंतींना, पोकळ आहेस का, असे विचारण्यासाठी वाजवली होती. तिने मात्र पहिल्यापासून तिचा एकच अर्थ लावला होता, कोणी आहे का, आणि तोच प्रश्न ती आता विचारीत होती.

“आहे,” तो कोपऱ्यापलीकडून म्हणाला, आणि पुढे आला.